मले मालूम नाही

माझ्या मायच्या तोंडून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल कधी वाईट शब्द ऐकला नाही. तसा चांगलाही ऐकला नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं, आणि गेलं तेही सरळपणे गेलं नाही.

आम्ही नांदुऱ्याला स्टेशनामागच्या चाळीत राहत होतो. सात खोल्यांची एक ओळ, पुढे अरुंद ओटा, मागे न्हाणी आणि सगळ्यांत मिळून एक नळ. एका अंगाला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या अंगाला कापसाचं जिन. गाड्यांच्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की गाडी आली की बोलणारा मधेच थांबायचा, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायचा. आजही कोणाशी बोलताना मी मधेच थांबते, माझी सून म्हणते, आई, तुमचं वाक्य कुठं गेलं. कापसाच्या हंगामात जिनाचा भोंगा दिवसातून चार वेळा व्हायचा आणि कापसाचा बारीक भुरका हवेत उडत राहायचा. भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवायला विसरलं, तर कढीवर पांढरा तवंग यायचा. माय तो चमच्याने काढून टाकायची आणि आम्ही काही न बोलता जेवायचो.

बाबा स्टेशनवर बत्तीवाले होते. हे काम आता राहिलेलं नाही, म्हणून सांगते. तेव्हा सिग्नलच्या उंच खांबावर रंगीत काचेमागे रॉकेलची बत्ती असायची. ती रोज खाली आणायची, काच पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा खांबावर चढून लावून यायची. बाबांनी कितीही हात धुतले तरी त्यांच्या बोटांना रॉकेलचा वास यायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि बाबांच्या हाताचा तो वास, या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात आजही एकाच ताटात आहेत. बाबा कमी बोलत. जे बोलत ते बहुतेक बत्तीबद्दलच असे.

मायचं नाव कमळा. ती चाळीत सगळ्यांत विश्वासाची बाई होती. कोणाची सासू छळते, कोणाचा नवरा पिऊन येतो, कोणाच्या पोराला शाळेतून काढलं, सगळं तिच्यापाशी येऊन पडायचं. ती अंबाडीची पानं खुडत ऐकून घ्यायची, मधूनमधून "हो का" म्हणायची, आणि ते सगळं तिच्याजवळच राहायचं. तिच्या मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत कोणीतरी भांजी मारली होती, आणि त्या बहिणीला पुढे एका बिजवराला द्यावं लागलं होतं. ती मावशी आमच्याकडे यायची तेव्हा माय तिच्या पानात वाढताना हात आखडत नसे, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नसे. त्या मावशीमुळेच आमच्या घरात हा नियम आला होता. "कोनी कोनाच्या घरचं इचारलं, तं मले मालूम नाही म्हनायचं," माय आम्हा भावंडांना सांगायची. "वंगाळ बी सांगाचं नाही, अन् चांगलं बी नाही. एकदा तोंड उघडलं का मंग ते कुठं थांबते?" या नियमाचा तिला अभिमान होता. मला तर त्याचा भलताच अभिमान होता. शाळेतल्या मुली एकमेकींच्या चहाड्या करत तेव्हा मी ओठ मिटून बसायची आणि स्वतःला फार मोठी समजायची.

आमच्या शेजारच्या खोलीत गोदामावशी आणि तिची पोरगी कुसुम राहायच्या. मावशीचा नवरा लवकर गेला होता. ती जिनावर कामाला जायची आणि संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा. आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत वरच्या बाजूची एक वीट निखळली होती. मालक ती बसवून देत नव्हता आणि आम्हालाही ती बसवून नको होती, कारण त्या भोकातून वाट्या जायच्या-यायच्या. आमच्याकडून डाळीच्या फुणक्यांची कढी जायची, तिकडून लसणाचं तिखट यायचं. कुसुम माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शिवणकाम शिकलेली, उंच, चटकन हसणारी आणि तितकीच चटकन रुसणारी. मला तिच्यासारखंच चालायचं असे, तिच्यासारखीच वेणी घालायची असे. मी सोळा वर्षांची होते आणि त्या वयात मला तिच्याइतकं कोणीच आवडत नव्हतं.

त्या साली कुसुमला जळगाव जामोदचं स्थळ आलं. मुलगा मधुकर, एसटीत कंडक्टर. घरी आईवडील नव्हते, आत्याने वाढवलेला. पाहणीच्या दिवशी पोह्यांच्या बशा मी नेल्या. रीत अशी होती की मुलाकडच्यांनी विचारायचं आणि मुलीने मान खाली घालून उत्तर द्यायचं. कुसुमने सगळी उत्तरं दिली आणि मग सरळ मधुकरकडे पाहून विचारलं, "तुमची गाडी मुक्कामाले कुठं राह्यते?" मधुकरचे कान लाल झाले. "जामोदले," तो म्हणाला. एवढंच त्यांचं बोलणं झालं, पण त्या दिवसापासून कुसुम नळावर पाणी भरताना एकटीच हसायची. तिला तो मनापासून आवडला होता आणि ते तिला लपवता येत नव्हतं.

मला मात्र ती हातची निसटायला लागली होती. नळावर ती आता लग्न झालेल्या बायकांच्या घोळक्यात उभी राहायची. एकदा मी तिथं जाऊन मधुकरबद्दल काहीतरी विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुले काय समजते व, तू अजून लहान हायेस." बायका हसल्या. त्यात भर म्हणजे माझं पोलकं. शाळेच्या संमेलनासाठी पिवळ्या कापडाचं पोलकं ती मला शिवून देणार होती. ते एक बाही लावून तसंच पडलं होतं आणि ती आपल्या उशांच्या अभ्र्यांवर मोर काढत बसली होती. संमेलनाला मी जुनंच पोलकं घालून गेले. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी पांघरुणात तोंड खुपसून रडले होते आणि तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

आमच्याकडे पोरगी पसंत पडली म्हणजे लग्न ठरलं, असं होत नसे. पाहणीनंतर आठ-पंधरा दिवसांत मुलाकडचं एखादं वयस्क माणूस चौकशीला यायचं. ओळख द्यायची नाही, असा शिरस्ता. पाणी मागायचं, नाहीतर भलत्याच कोणाचं घर विचारायचं आणि मग बोलता बोलता मुलीच्या घराकडे वळायचं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळायचं की हा चौकशीवाला आहे, आणि तरी सगळे काही माहीत नसल्यासारखे वागत. मुलीच्या घरचे तर त्या दिवसात दारही जपून उघडत. शेजाऱ्याच्या दोन शब्दांवर सगळं अवलंबून असायचं, कारण पाहुण्यांपुढे पोहे कोणीही चांगले करतं, एका भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं राहणारा माणूसच काय ते सांगू शकतो.

तो माणूस दुपारी आला. माय चक्कीवर दळण घेऊन गेली होती आणि मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, हातात कापडी पिशवी. "पानी भेटन का पोरी?" त्याने विचारलं. मी तांब्या आणून दिला. तो ओट्याच्या कडेला टेकला. उन्हाचं बोलला, जिनाचं बोलला, आणि मग शेजारच्या बंद दाराकडे हनुवटी करून म्हणाला, "इथं ते गोदाबाई राह्यते ना? तिची पोरगी कशी हाये?"

मला सगळं सांगता आलं असतं. कुसुमने सहा महिने आईचं आजारपण काढलं होतं. जिनावरून आईला यायला उशीर झाला तर ती फाटकापर्यंत जाऊन उभी राहायची. माझ्या धाकट्या भावाला गोवर आला तेव्हा त्याच्याजवळ तीच बसली होती. यातलं एक जरी बोलले असते तरी पुरलं असतं. मी डाळीतून एक खडा उचलला आणि म्हणाले, "मले मालूम नाही."

"एका भिंतीचं घर हाये अन् मालूम नाही?"

"माय म्हनते, दुसऱ्याच्या घरचं बोलू नाही."

तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं, तो त्याने खाली ठेवला. "शहाणी हायेस," असं म्हणून तो उठला आणि दुसऱ्या कोणालाही न विचारता स्टेशनच्या दिशेने गेला. मी उरलेली डाळ निवडली. माय आली तेव्हा तिला सांगितलं, की चौकशीवाला आला होता आणि मी काही बोलले नाही. "बरं केलं," ती म्हणाली. मग पिठाचा डबा उतरवता उतरवता थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी त्या वेळी गुणगुणत होते, असं मला अंधूक आठवतं.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, जमत नाही. कारण विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले आणि शेवटी सांगून टाकलं. त्या संध्याकाळी गोदामावशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. केसांत कापूस तसाच होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मायला फक्त विचारलं, "कमळाबाई, तुह्या पोरीनं त्या मान्साले काय सांगतलं?"

"काहीच नाही सांगतलं, गोदा. इचार तिले."

"तेच तं. काहीच नाही सांगतलं." मावशीचा आवाज फुटला. "सख्खी मैत्रीन, एका भिंतीची, अन् म्हनते मायनं बोलू नको म्हनलं. थो मानूस काय समजला असन? का पोरीचं काहीतरी हाये, अन् हे भले लोक झाकून राह्यले. तुही पोरगी नुसती शिव्या देती ना माह्या कुसुमले, तरी थो इसरला असता."

ती गेली. थोड्या वेळाने भिंतीच्या त्या भोकात तिकडून कोणीतरी फडक्याचा बोळा कोंबल्याचा आवाज आला. पलीकडे कुसुम रडत होती की नाही, ते कळत नव्हतं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा माय बाबांना पुन्हा पुन्हा सांगत होती, की आपण कोणाचं वाईट केलं नाही, आपण एक शब्द बोललो नाही. बाबांनी भाकर मोडली, ठेचा लावला, घास खाल्ला. मग त्यांनी विचारलं, "सिग्नलची बत्ती इझली, तं डायवर गाडी नेते का?"

मायने ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"नेत नाही," बाबा म्हणाले. "काहीच दिसत नाही म्हंजे लाल. तिथंच उभी करते गाडी. म्हून तं मी रोज खांबावर चढतो."

माय त्या रात्री जेवली नाही. तिच्या बहिणीचं लग्न कोणाच्या तरी बोलण्याने मोडलं होतं, आणि कुसुमचं तिच्या न बोलण्याने मोडलं. हे तिला तिथल्या तिथे समजलं होतं. मी बाजूला बसून होते. तो माणूस काय समजेल ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे अर्धवट ठाऊक होतं. चौकशीवाल्यापुढे शेजारी गप्प बसला की बायका नळावर कशा एकमेकींकडे पाहतात, ते मी पाहिलेलं होतं. नियम मी पाळला हे खरंच आहे, पण त्या दिवशी तो पाळताना मला बरं वाटलं होतं. माणूस नियम मोडून वाईट वागतो हे सगळ्यांना दिसतं. नियम पाळून वाईट वागलं की ते कोणाला दिसत नाही आणि वरून शाबासकी मिळते. शिक्षिका म्हणून नोकरी करताना ही गोष्ट मी शाळेतल्या पोरांत पाहिली, मास्तरांत पाहिली, पण पहिल्यांदा पाहिली ती माझ्यात.

तिसऱ्या दिवशी मायने पांढरं लुगडं नेसलं, जे ती फक्त विहारात जाताना नेसायची, आणि मला म्हणाली, "चाल." आम्ही जळगाव जामोदच्या एसटीत बसलो. गाडी सुटली, घंटी वाजली आणि तिकिटाची पेटी घेऊन मधुकर समोर उभा. त्याने मला ओळखलं, पोह्यांच्या बशांवरून. मायला म्हणाला, "कुठं जाता मावशी?"

"तुमच्याच घरी," माय म्हणाली. त्याचे कान पुन्हा लाल झाले. त्याने तिकिटं फाडली आणि मागच्या लोकांकडे गेला, पण उतरताना हळूच घराचा पत्ता सांगितला, वेशीपासून तिसरी गल्ली, दारात कडुनिंब.

मधुकरची आत्या अंगणात लाल मिरच्यांचा ढीग घेऊन देठ खुडत बसली होती. ठसठशीत बाई, मोठा आवाज. जयभीम झाला, चहा झाला, आणि माय बोलायला लागली. उभ्या जन्मात तिने कोणाबद्दल चार शब्द सांगितले नव्हते, त्यामुळे तिला ते जमेना. पोरगी लय चांगली, लय गुणाची, कामाची, देखणी, सोशिक, असं ती एका दमात म्हणून गेली. पाठ केलेलं म्हणावं तसं. आत्याने ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही नुसतं चांगलंच सांगून राह्यल्या," ती म्हणाली. "त्या दिवशी काहीच नाही, अन् आज नुसतं चांगलं. मी काय समजू?"

मायने पुढे सरकून मिरच्यांचा एक ओंजळभर वाटा आपल्यापुढे ओढला आणि देठ खुडायला घेतले. मीही घेतले. हाताला काम मिळाल्यावर मायचा आवाज बदलला. "तिची भाकर गोल होत नाही," ती म्हणाली. "कडेले फाटते. मी शिकवून थकली. रुसली का दोन-दोन दिवस बोलत नाही. पन काम सोडत नाही अन् अन्नावर राग काढत नाही. मनात आलं ते इचारून टाकते, तुमच्या पोराले इचारलं तसं. थे तुम्हाले आवडलं नसन तं पुढं बी आवडनार नाही. पन माय बिमार होती तवा सहा महिने त्या पोरीनं रातची झोप नाही घेतली, अन् एका शब्दानं कोनाले सांगतलं नाही. मले भिंतीतून ऐकू ये म्हून मालूम."

आत्याचे हात थांबले होते. "हे खरं वाटलं," ती म्हणाली. "रुसाचं म्हनसान, तं आमचा मधुकर बी कमी नाही. दोघं रुसले तं घरात तेवढीच शांतता राहीन." मग तिने माझ्याकडे मान वळवली. "अन् तू व पोरी? मंग त्या दिवशी तू काऊन तशी बोलली?"

मी तोंड उघडलं. पोलक्याचं, नळावरच्या हसण्याचं, सगळं जिभेवर आलं होतं. माय माझ्याकडे न पाहता एक देठ खुडत होती. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली, "मी शिकवलं तिले तसं. चूक माही हाये."

मी तोंड मिटलं. नकळत मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. आत्याला वाटलं, पोरगी पस्तावली. "जाऊ दे, लेकरू हाये," म्हणत तिने मला दही आणून दिलं, आणि ते डोळ्याला लावत मी तशीच बसून राहिले. परतीच्या गाडीत मधुकर नव्हता. नांदुरा जवळ आलं, जिनाचा भोंगा ऐकू यायला लागला, तेव्हा मायने विचारलं, "काई सांगाचं हाये का तुले?" मी म्हणाले, "काई नाही."

सोयरीक पुन्हा जुळली. विहाराच्या पटांगणात लग्न लागलं. लग्नाच्या आधी चार दिवस भिंतीच्या भोकातला बोळा निघाला आणि माझं पिवळं पोलकं घडी घालून आमच्या बाजूला आलं. दुसरी बाही लावलेली होती, टाके जरा वाकडेतिकडे होते. कुसुमने घाईत, मनावर दगड ठेवून शिवलं असेल असं मला वाटलं आणि मी ते लग्नात घातलं. निघताना तिने माझ्या गळ्यात हात टाकला. मी खूप रडले. ती मैत्रीण चालली म्हणून रडते, असं सगळ्यांना वाटलं.

मायचं वागणं त्यानंतर बदललं. चौकशीवाला आला की ती स्वतः पुढे होऊन बसायची आणि बोलायची. एक खरी उणीव सांगायची, आणि मग जे चांगलं सांगायचं त्यात नुसतं "चांगली" हा शब्द न घालता एखादी घडलेली गोष्ट सांगायची. लोक तिच्या शब्दावर सोयरिकी करायला लागले. मी पुढे शिकले, नोकरीला लागले, बुलढाण्याला येऊन स्थिरावले. माहेरून निघताना ती मला गाडीत बसवून द्यायला यायची आणि खिडकीखाली उभी राहून विचारायची, "काई सांगाचं राह्यलं का?" सगळ्याच आया गाडी सुटताना असलं काहीबाही विचारतात. माय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बाबा तिच्या आधीच गेले.

मागच्या उन्हाळ्यात मला एक फोन आला. कुसुमच्या नातीसाठी देऊळघाटचं स्थळ होतं आणि मुलाचे काका चौकशी करत होते. हल्ली पाणी मागायला कोणी येत नाही, फोनच करतात. मी त्यांना सांगितलं, की पोरगी सकाळी लवकर उठत नाही, आणि तिच्या आज्याला लकवा झाला तेव्हा कॉलेजची परीक्षा सोडून दवाखान्यात ती बसली होती. आठवड्याने कुसुमच पेढे घेऊन माझ्याकडे आली. पंचाहत्तरीला आली आहे, गुडघे दुखतात, पण हसणं तेच. "उठत नाही म्हून सांगतलं म्हने तुनं," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "पोरगी चिडली ना तुह्यावर."

मी चहा ठेवला आणि तिच्याकडे पाठ असतानाच बोलून टाकलं. एवढी वर्षं राहिलेलं असं पाठमोरंच बोलता आलं. म्हणाले, त्या दिवशी मी मायच्या नियमाने गप्प राहिले नव्हते, तुझ्यावर रागावले होते म्हणून गप्प राहिले होते. तुझं लग्न मीच मोडलं होतं.

"मले मालूम हाये," कुसुम म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत होती.

"तुही माय आली होती माह्याकडे, लग्नाच्या आधी. ते अर्धं पोलकं मागून नेलं तिनं. म्हने, यापायी माही पोरगी तुह्यावर रुसली होती, मले त्याच दिवशी समजलं. तिच्यावर राग धरू नको म्हने. मंग ते तिनंच शिवलं, अन् माह्या हातानं त्या भोकातून द्याले लावलं. तिले कुठं शिवता ये, बाही पाह्यली नाही का तू?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. "मंग मले काऊन नाही बोलली ती?"

"मी म्हनलं होतं तिले, बोला म्हून. तं म्हने, माह्या सांगन्यानं काय होते, तिचं तिले सांगू दे. एखांद्या दिवशी सांगन मले."

कुसुम बराच वेळ बसली. तिची नात, देवाण-घेवाण, विहार मिळेल की नाही, असं बरंच काही बोलली. मी हो हो म्हणत होते आणि मला एसटीची खिडकी दिसत होती. खाली माय उभी, ऊन लागतं म्हणून कपाळावर आडवा हात धरलेला, तोंड वर केलेलं. "काई सांगाचं राह्यलं का?" तीस-बत्तीस वर्षं तिने हे दर खेपेला विचारलं. आणि मी दर खेपेला पिशवी मांडीवर नीट ठेवत म्हणत असे, "काई नाही, माय."